सामान नंतरही बसवता येतं, तळ नाही

पत्र:
नमस्कार दादा, मी आणि माझा धाकटा भाऊ नदीत गळाने मासेमारी करतो, बरेचदा बाबाही सोबत असतात, ते आता ६८ वर्षांचे आहेत. आत्तापर्यंत भाड्याच्या बोटीवर भागवलं पण आता स्वतःची घ्यायची ठरवलंय आणि दोन अॅल्युमिनियमच्या बोटींवर येऊन अडकलोय. दोन्ही १६ फुटी, दोन्ही वेल्ड केलेल्या, दोन्हीला ४० हॉर्सपॉवरपर्यंत इंजिन चालतं, वजनही सारखंच, २७० किलोच्या आसपास. पहिलीचा तळ पूर्ण सपाट, ४८ इंच रुंद, पत्रा २.५ मिलीमीटरचा, पण आत सगळं तयार आहे, उंच डेक, त्यावर कार्पेट, लॉकर, मासे जिवंत ठेवायची टाकी, स्टिअरिंगचं कन्सोल. दुसरीचा तळ ५२ इंच, पुढे थोडा व्ही आकाराचा आणि मागे जवळपास सपाट, पत्रा ३.२ मिलीमीटर, पण आत तीन बाकडी सोडली तर काहीच नाही आणि इंजिनही मागे बसून हँडलने फिरवायचं. किंमत उन्नीस-बीस. आमची नदी वरच्या अंगाला उथळ आणि गोट्याखडकांची आहे, काही ठिकाणी जेमतेम गुडघाभर पाणी, खाली मात्र पात्र खूप रुंद होतं आणि दुपारनंतर वारा सुटला की चांगल्या लाटा उठतात. आम्ही जास्त वेळ खालीच असतो, वर मधूनमधून जातो. भावाला पहिली बघताक्षणी आवडली, मला दुसरी बरी वाटते पण का ते त्याला नीट पटवून देता येत नाहीये. शिवाय इंजिन साधं पंख्याचं घ्यावं की जेट?
— नदीकाठची ताई

ताई, नमस्कार. तुमच्या पत्रात एक आकडा आहे ना, तोच तुमच्या भावाला दाखवा, बाकी फार काही पटवायची गरज पडणार नाही असं मला वाटतं. दोन्ही बोटींचं वजन सारखं आहे हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण नीट बघा, एका बोटीत डेक आहे, लॉकर आहेत, कन्सोल आहे, टाकी आहे आणि दुसरीत तीन बाकडी, आणि तरी वजन तेवढंच. मग दुसरीचं वजन गेलं कुठे? ते तळात आणि बाजूच्या पत्र्यात गेलंय. आणि पहिलीचं वजन तुम्ही ज्यावर उभे राहणार आणि ज्यात सामान ठेवणार त्यात गेलंय. म्हणजे एका कारखान्याने धातू खडकाच्या बाजूला वापरला आणि दुसऱ्याने माणसाच्या बाजूला, आणि तुमच्या नदीत खडक आहेत.

मी सरळच सांगतो, दुसरी घ्या. पण का ते सविस्तर लिहितो, कारण तुम्हाला घरात ते बोलायचंय, आणि दुसरी घेताना काही गोष्टी तपासायच्या पण आहेत, त्यात गडबड निघाली तर माझं मत बदलेल.

आधी पत्र्याचं बघू. २.५ आणि ३.२, ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पाऊण मिलीमीटर पण नाही. पण पत्रा वाकायला किती विरोध करतो हे जाडीच्या घनावर अवलंबून असतं, म्हणजे जाडी गुणिले जाडी गुणिले जाडी. ३.२ भागिले २.५ केलं की १.२८ येतात, आणि त्याचा घन केला की २.१ च्या जवळ. म्हणजे बाकी सगळं सारखं असेल तर दुसऱ्या बोटीचा तळ पहिलीच्या दुपटीहून थोडा जास्तच कडक आहे. आणि त्यासाठी वजन किती वाढलं? अॅल्युमिनियम एका चौरस मीटरला एक मिलीमीटर जाडीमागे २.७ किलो भरतं, तुमच्या मापाच्या बोटीचा तळ सहा चौरस मीटरच्या आसपास धरा, तर जाड तळासाठी जास्तीचं वजन होतं ११-१२ किलो. एका लेड-अॅसिड बॅटरीच्या निम्मं. एवढ्यात जर दुप्पट कडक तळ मिळत असेल तर उथळ नदीतल्या माणसाने दुसरा विचारच करू नये.

आता 'बाकी सगळं सारखं असेल तर' असं मी म्हटलं ते मुद्दाम. तळाच्या आतून ज्या आडव्या फासळ्या असतात त्या किती किती अंतरावर आहेत यावरही सगळं असतं, दोन फासळ्यांमधला पत्रा जितका लांब तितका तो जास्त लवणार. जाड पत्रा पण लांब लांब अंतरावर फासळ्या, आणि पातळ पत्रा पण जवळ जवळ फासळ्या, हे दोन्ही बाजारात बघायला मिळतं आणि कागदावर जाडीच मोठ्या अक्षरात लिहिलेली असते, फासळ्यांचं कोणी लिहीत नाही. तेव्हा टेप घेऊन जा आणि मोजा. दुसरी बोट उघडी आहे त्यामुळे तिथे लगेच मोजता येईल, पहिलीत डेकखाली आहे म्हणून विचारावं लागेल, आणि मला ही गोष्टच खटकते की जे सगळ्यात महत्त्वाचं ते कार्पेटखाली झाकलेलं. ट्रेलरवर असताना खाली वाकून तळाला हाताच्या मुठीने ठोकत पुढून मागे जा, कुठे आवाज पोकळ पिंपासारखा येतोय आणि कुठे घट्ट ते लगेच कळतं.

त्याच वेळी पत्रा कुठल्या मिश्रधातूचा आहे तेही विचारा. ५०५२ असेल तर चांगलं, ५०८३ किंवा ५०८६ असेल तर अजून चांगलं, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने शिवणीच्या शेजारचा पत्रा नरम पडतो आणि ५०८३ तिथेही बऱ्यापैकी ताकद टिकवून असतो. ६०६१ हा कडा आणि चॅनेल बनवायला वापरतात, तो मुळात खूप मजबूत पण वेल्डशेजारी त्याची ताकद बरीच उतरते, म्हणून तडे जायचे असतील तर बहुतेक वेळा शिवणीच्या कडेलाच जातात, मधल्या पत्र्यात नाही. शिवण बघताना बाहेरची, म्हणजे पाण्याला लागणारी शिवण सलग हवी, मध्ये टाचणीएवढी भोकं नकोत, आणि जिथे शिवण संपते तिथे खळगा राहिला असेल तर तिथूनच पुढे चीर सुरू होते. आतल्या फासळ्या मात्र तुटक तुटक वेल्ड केलेल्या असतात, ते बघून घाबरू नका, ते नेहमीचंच आहे.

तळाच्या आकाराचं. भाऊ म्हणत असेल की सपाट तळ उथळ पाण्यात चांगला, आणि तो चूक म्हणत नाहीये, नुसत्या सपाट तळाची बोट कमी बुडते हे खरंच आहे. पण तुमच्या दोन बोटींत ते किती हे मोजून बघू. बोट २७०, ४० चं फोर स्ट्रोक इंजिन शंभर किलोच्या आसपास, तुम्ही तिघं सव्वादोनशे धरा, पेट्रोल बॅटरी नांगर रॉड डबे मिळून ऐंशी-पंचाऐंशी. झाले ६८० किलो. पहिलीचा तळ ४८ इंच म्हणजे १.२२ मीटर, पाण्याला टेकणारी लांबी चार मीटर धरली तर दर ४९ किलोला बोट एक सेंटीमीटर बुडते, म्हणजे एकूण १४ सेंटीमीटर. दुसरी रुंद आहे, तिथे एक सेंटीमीटर बुडायला ५३ किलो लागतात, म्हणजे १३ च्या खालीच, मग पुढच्या व्हीमुळे मधली रेघ सेंटीमीटर दोन सेंटीमीटर खाली जाईल ते धरा. थोडक्यात बरोबरी. व्हीने जे गेलं ते रुंदीने परत दिलं. आणि खरी गंमत पुढे आहे, इंजिनाचा पंखा आणि त्याखालची पाती तळाच्याही फूटभर खाली लोंबत असतात, म्हणजे साध्या इंजिनाने तुम्हाला उभ्या बोटीत अर्धा मीटर पाणी लागणारच, मग तळ सपाट असो की व्ही. त्यामुळे उथळ पाण्याचा मुद्दा या दोन बोटींत निवड करायला कामाचाच नाही, तो इंजिनाच्या निवडीचा मुद्दा आहे.

सपाट तळाचा तोटा मात्र तुम्हाला खाली रुंद पात्रात रोज जाणवेल. वाऱ्याची लाट समोरून आली की सपाट तळ तिच्यावर आपटतो, थड थड थड, आणि ते आपटणं थेट पाठीच्या कण्यात जातं. बाबा ६८ चे आहेत, पुढच्या बाकावर बसणार असतील तर त्यांना ते सगळ्यात जास्त बसणार कारण बोट पुढेच जास्त उचलते. पुढे व्ही असला की लाट कापली जाते, पूर्ण नाही पण बऱ्यापैकी. आणि दुसरं म्हणजे वळताना, सपाट तळ धारेत वळवला की बोट बाहेरच्या बाजूला घसरत जाते, आणि नदीच्या वळणावर बाहेरच्या बाजूलाच धार जोरात असते आणि बरेचदा खडक किंवा पडलेली झाडंही तिथेच अडकलेली असतात. व्ही असला, थोडासा का असेना, की बोट पाण्याला धरून वळते.

आता उभं राहण्याचं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दोघं तिघं जण उभे राहून गळ टाकणार, मासा लागला की सगळे एकाच बाजूला वाकणार, हे होतंच, कितीही ठरवलं तरी होतं. अशा वेळी बोट किती कलते हे पाण्यावरच्या रुंदीवर अवलंबून असतं आणि तेही घनाच्या हिशोबाने. ५२ भागिले ४८ चा घन सव्वाच्या वर जातो, म्हणजे नुसत्या चार इंचांनी दुसरी बोट सव्वापटीहून जास्त स्थिर होते, मागचा भाग जवळपास सपाट असल्यामुळे त्यातलं फार काही वाया जात नाही. आणि पहिलीत डेक उंच आहे. तुम्ही उंची लिहिली नाही पण खाली लॉकर बसवलेत म्हणजे फूटभर तरी असणार. माणूस फूटभर वर उभा राहिला की सगळा भार वर सरकतो आणि बोट जास्त डुलते, वर कडा आता गुडघ्याच्या खाली येते त्यामुळे तोल गेला तर अडायला काहीच नाही. उंच डेक शांत, बंद पाण्यात खूप छान, गळ लांब जातो, पाण्यात खोलवर दिसतं, भावाला तो का आवडला ते मला पूर्ण समजतं. पण वाहत्या पाण्यात, बाबा बोटीत असताना, मी त्यांना खाली तळाशी पाय ठेवून उभं राहायला सांगेन.

मासे ठेवायच्या टाकीबद्दल एवढंच, ती साठ लिटरची असेल तर भरल्यावर साठ किलो, म्हणजे बोट अजून सेंटीमीटरभर खाली. थंड डबा कुठल्याही बोटीत ठेवता येतो.

कार्पेटचं मात्र थांबून बोलतो. कार्पेट पाणी धरून ठेवतं, खाली बहुधा प्लायवुड असतं, आणि प्लायवुड कुजू नये म्हणून त्याला तांबं असलेलं औषध मारलेलं असेल तर ते ओलं लाकूड अॅल्युमिनियमला लागून राहिलं की पत्र्याला खड्डे पडायला लागतात. तांबं आणि अॅल्युमिनियम ओल्यात एकत्र आले की अॅल्युमिनियमच झिजतं. म्हणून पहिली घ्यायचंच ठरलं तर डेकखाली काय आहे, औषध मारलेलं लाकूड की अॅल्युमिनियमचा पत्रा, हे नक्की विचारा. ट्रेलरवरच्या ज्या लाकडी पट्ट्यांवर बोट टेकते त्यांनाही हेच लागू. आणि मासेमारीवाल्यांच्या बोटीत अजून एक गोष्ट होते, गळाची शिशाची वजनं खाली पडतात, तळात साचलेल्या पाण्यात कुठल्यातरी कोपऱ्यात महिनोन्‌महिने पडून राहतात, आणि एक दिवस ती उचलली की खाली पत्र्यात खळगा सापडतो. शिसं असो की तांब्याचं नाणं, दोन्ही अॅल्युमिनियमला खातात. उघड्या बोटीत ते दिसतं आणि उचलता येतं, डेकखाली गेलं की गेलं. हे वाचून भावाला हसू येईल कदाचित पण जुन्या बोटींचे तळ उलटे करून बघितले की हीच कारणं पुन्हा पुन्हा समोर येतात.

वायरिंगचंही तसंच. कन्सोल, पंप, दिवे, मासे शोधायचं यंत्र, सगळ्याची वायर बॅटरीपर्यंत दोन्ही तारांनी परत आली पाहिजे, बोटीचा पत्रा तार म्हणून कधीच वापरायचा नाही, नाहीतर वीज पत्र्यातून पाण्यात झिरपते आणि झीज फार वेगाने होते. तयार बोटीत हे कारखान्यात नीट केलेलं असतं असं धरून चालू नका, बघा. दुसरीत तुम्ही स्वतः करणार तेव्हा सुरुवातीपासून नीट करा, आणि स्टेनलेसचे स्क्रू सरळ अॅल्युमिनियममध्ये ठोकू नका, मध्ये नायलॉनचा वॉशर आणि वेगळं ठेवणारी पेस्ट लावा.

आता भावाच्या बाजूचा खरा मुद्दा, कन्सोल. हँडलवाल्या बोटीत चालवणारा मागे, इंजिन मागे, पेट्रोलची टाकी मागे, बॅटरी मागे, सगळा भार मागे येतो आणि निघताना नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, आभाळाकडे बघते, समोरचं काही दिसत नाही. हे खरं आहे आणि एकट्याने चालवताना त्रासाचं आहे. पण यावर उपाय सोपे आहेत. टाकी आणि बॅटरी पुढच्या बाकाखाली नेऊन ठेवा, पाइप आणि वायर थोडी लांब लागेल एवढंच, पण वायर लांबली की ती जाडही घ्यावी लागते हे विसरू नका. हँडलला लांब दांडी जोडली की चालवणारा फूट दीड फूट पुढे येतो आणि उभं राहूनही चालवू शकतो, आणि खडकाळ नदीत उभं राहून चालवणाऱ्याला पाण्याखालचा खडक बसलेल्यापेक्षा कितीतरी आधी दिसतो. वळायलाही हँडल पटकन प्रतिसाद देतं. एवढं करूनही वर्षभराने भावाला कन्सोल हवंच असेल तर ते दुसऱ्या बोटीत बसवता येतं. पण पहिल्या बोटीचा तळ जाड करता येत नाही आणि चार इंच रुंद तर मुळीच करता येत नाही.

हँडलवाल्या इंजिनाला एक अट मात्र पाळायचीच. इंजिन बंद करणारी जी दोरी असते ती चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा लाइफजॅकेटला अडकवलेली पाहिजे, प्रत्येक वेळी, दोनशे मीटर जायचं असलं तरी. पंखा खडकाला लागला की हँडल झटक्यात फिरतं, चालवणारा बाहेर फेकला जातो आणि रिकामी बोट गोल गोल फिरत त्याच्यावरच येते. यात तडजोड नको.

इंजिनाचा प्रश्न. जेट म्हणजे खाली पंखा नाही, पाणी खालून ओढून मागे फेकतात, वेगात असताना बोट वर उचललेली असते तेव्हा ते अगदी वीतभर पाण्यावरून निघून जातं, ऐकायला तुमच्या नदीसाठीच बनवलंय असं वाटतं. पण त्याची किंमत मोजावी लागते. ताकदीचा साधारण ३० टक्के भाग पंपात जातो, ६० हॉर्सपॉवरचं इंजिन जेट लावलं की ४० सारखं काम करतं. म्हणजे तेवढ्याच जोरासाठी जड इंजिन मागे टांगायचं, पेट्रोलही जास्त, आणि वजन मागे वाढल्याने उभी बोट मागून अजून बुडणार. वाळू, पाला, शेवाळ जाळीत अडकतं. रिव्हर्स नावापुरताच. आणि सगळ्यात धोक्याचं म्हणजे जेटला पाणी फेकणं थांबलं की वळणंही थांबतं, समोर खडक दिसला आणि घाबरून अॅक्सिलरेटर सोडला तर बोट वळतही नाही आणि वेग गेल्यामुळे खाली बसते, नेमकी खडकावर. ते चालवायला शिकावं लागतं, सवय लागते. जे लोक रोज उथळ धारेतच असतात त्यांनी जरूर घ्यावं. तुम्ही जास्त वेळ खाली रुंद खोल पाण्यात असता, वर मधूनमधून. तुम्ही साधं पंख्याचंच घ्या, ज्यात इंजिन थोडं वर उचलून हळू चालवायची सोय असते ते, आणि वर गुडघाभर पाण्यात गेलात की इंजिन पूर्ण उचला आणि वल्ह्याने किंवा लांब काठीने ढकला. पंखा अॅल्युमिनियमचा घ्या, स्टेनलेसचा नको, कारण खडकाला लागला की मऊ पंखा स्वतः वाकतो आणि आतले गिअर आणि दांडा वाचण्याची शक्यता वाढते. एक जास्तीचा पंखा, तो बदलायचा पाना आणि पिन बोटीतच ठेवायची.

पुढे कधी जेटवर जायचं मनात असेल तर दुसऱ्या बोटीच्या तळाच्या मधोमध जी उभी पट्टी आहे ती मागे कुठे संपते ते आत्ताच बघून ठेवा. ती जेटच्या तोंडापर्यंत आली तर तिच्या मागून हवेचे बुडबुडे थेट पंपात जातात आणि पंपाची पाण्यावरची पकड सुटते. तोंडाच्या बऱ्याच अलीकडे संपत असेल तर चिंता नाही. जेटसाठी किती ताकद आणि किती वजन चालेल हे बनवणाऱ्याकडून लेखी घ्या, तोंडी नको.

दुसरी घेताना काय तपासायचं ते लिहितो म्हणालो होतो. फासळ्यांचं अंतर झालं, शिवण झाली. मागची उभी भिंत, जिच्यावर इंजिन टांगतात, ती आतून कशाची आहे ते विचारा, लाकूड भरलेलं असेल तर वरची कड आणि बोल्टची भोकं नीट बंद केलेली आहेत का बघा, तिथूनच पाणी शिरतं. त्या भिंतीची उंची मोजा, १५ इंच असते किंवा २०, इंजिनाचा दांडा त्याच मापाचा लागतो, आणि तुमच्या लाटा बघता २० असेल तर मी खूश होईन. तरंगण्यासाठी फोम कुठे भरलाय ते बघा, बाकड्यांच्या आत असेल तर उत्तम, कारण तळाखाली ओतलेल्या फोममध्ये वर्षानुवर्षं पाणी मुरतं आणि बोट जड होत जाते, कोणाला कळतही नाही. आणि क्षमतेच्या पाटीवर माणसं किती आणि एकूण वजन किती लिहिलंय ते वाचा, तुमच्या ६८० मधून बोटीचं वजन वजा करून जे राहतं, म्हणजे ४१० किलो, ते पाटीच्या आकड्याच्या बऱ्यापैकी आत बसलं पाहिजे, काठोकाठ नको. त्या आकड्यात इंजिन धरलंय का नाही हेही पाटीवरच असतं, नीट वाचा.

यातलं काही चुकलं, म्हणजे फासळ्या दुसरीत खूप लांब लांब निघाल्या आणि पहिलीत जवळ, किंवा पाटीवरचा आकडा कमी निघाला, तर मात्र पुन्हा विचार करावा लागेल, मी त्या बाबतीत हट्ट धरणार नाही. आणि तुम्ही जर फक्त संथ, बंद पाण्यात दोघंच जाणार असता, वारा नाही खडक नाही, तर मी भावाच्या बाजूने बोललो असतो.

दोन्ही बोटी पाण्यात चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि तिघंही जा, बाबांना घरी ठेवून जाऊ नका. वारा असलेल्या दुपारीच जा. सुरुवातीला उभ्या बोटीत तिघंही एका कडेला उभे राहा, हळूहळू, लाइफजॅकेट घालून, आणि कड पाण्यापासून किती वर राहते ते बघा. मग लाटेवर समोरून मध्यम वेगाने घ्या आणि बाबांना पुढे बसवून विचारा. मग जोरात जाऊन एकदम वेग सोडा आणि मागे वळून बघा, बोटीचीच लाट मागून येते ती भिंतीवरून आत येते का. आणि दोन्हीत बाबा स्वतः चढतात उतरतात कसे ते बघा, काठावरून आणि धक्क्यावरून.

नांगराचं तुम्ही विचारलं नाही पण वाहत्या नदीत स्वतःची पहिली बोट म्हणून सांगतो. नांगर नेहमी पुढून, नाळेला बांधायचा. मागून बांधला की धार मागच्या बुटक्या भिंतीवर येते, तिथे इंजिनाचं वजन आधीच आहे, भिंत दबते, पाणी आत येतं आणि बोट बघता बघता भरते. माणसं अशी बुडालेली आहेत. दोर लांब ठेवा, खोलीच्या पाच ते सातपट, आणि हाताशी सुरी ठेवा की अडकला तर कापता आला पाहिजे.

भावाशी बोलताना एक करून बघा. त्याला म्हणा दुसरी घेऊ आणि आतलं सगळं तू ठरव. आत्ता लगेच काही बसवायचं नाही, एक हंगाम नुसती उघडी चालवायची, तेवढ्यात कळेल कोण कुठे उभं राहतं, डबा कुठे आड येतो, रॉड कुठे ठेवावेसे वाटतात. फासळ्यांवर पाय मुरगळतो तेवढ्यापुरते काढता येतील असे अॅल्युमिनियमचे पत्रे टाका, वर रबरी चटई, आवाजही कमी होईल. त्यानंतर त्याला जे हवं ते त्याच्या मापाने बसवेल, आणि कारखान्याने ठरवलेल्या जागेपेक्षा ते तुमच्या तिघांना जास्त सोयीचं होईल.

रंगाचं पत्राच्या मागे पेन्सिलने लिहिलंय तुम्ही, रंगवलेली घ्यावी का. पाण्याखालचा भाग बिनरंगाचाच ठेवा, अॅल्युमिनियम स्वतःवर स्वतःचा थर धरतं आणि तुमच्या नदीत रंग पहिल्याच महिन्यात खरवडला जाईल. वरचा भाग हवा त्या रंगात घ्या, फक्त शेवाळ न धरणारे तांब्याचे रंग कुठेच नकोत.

फासळ्यांमधलं अंतर, मागच्या भिंतीची उंची आणि पाटीवरचं वजन, हे तीन आकडे दोन्ही बोटींचे मिळाले की कळवा, इंजिन कुठलं ठरलं तेही लिहा, मग पंख्याचं पिच, म्हणजे पंखा एका फेऱ्यात बोटीला किती पुढे ढकलेल ते माप, किती घ्यायचं ते तिघांच्या वजनाच्या हिशोबाने सांगतो.